झटक्यानंतरची नोंदवही

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात मेंदूविकार विभागाच्या वतीने देण्यात आलेल्या व्याख्यानाचा पाठ)



दरवर्षी या मेळाव्यात एखाद्या विभागाने आपल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, असा आपला प्रघात आहे. यंदा तो मान मेंदूविकार विभागाला मिळाला, याबद्दल आम्ही विश्वस्तांचे ऋणी आहोत. वर्षभराच्या कामाचे आकडे या अहवालाच्या अन्य पानांवर आहेतच. त्यांची पुनरुक्ती न करता, ज्या एका बाबतीत आम्ही स्वतः कमी पडलो आणि ज्यातून काही शिकलो, ती गोष्ट आपल्यापुढे मांडावी असे आम्ही ठरवले आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावचे एक किराणा दुकानदार पक्षाघाताने आमच्याकडे दाखल झाले. कुटुंबीयांच्या संमतीने, पण ओळख पटू नये एवढा तपशील बदलून, त्यांची हकीकत आम्ही सांगत आहोत. त्यांचा डावा हात व डावा पाय लुळा पडला होता. वेळेवर उपचार झाले, भौतिकोपचार विभागाने मेहनत घेतली आणि तिसऱ्या महिन्यात ते काठीशिवाय चालत फेरतपासणीला आले. घरच्यांनी वॉर्डात पेढे वाटले. आम्ही केसपेपरवर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा लिहिला आणि रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेण्यास सांगून त्यांना निरोप दिला.

दोन वर्षांनी त्यांचे थोरले चिरंजीव एकटेच आले. त्यांच्या हातात दुकानाच्या लाल कापडी बांधणीच्या चार खतावण्या होत्या. दुकान तोट्यात गेले होते. एकाच व्यापाऱ्याचे बिल दोनदा चुकते झाले होते, तर कित्येकांची उधारी लिहिलीच गेली नव्हती. वडील हलगर्जी झाले, कुणालाही माल देऊन टाकतात, असे एका भावाचे म्हणणे. दुसऱ्या भावाला संशय, की पहिलाच परस्पर पैसे उचलतो. घरात अबोला आला होता.

आम्ही त्या खतावण्या उघडून पाहिल्या. आजारापूर्वीची पाने रेखीव, बेरजा अचूक. आजारानंतरच्या काही महिन्यांत थोडी खाडाखोड, पण हिशेब जुळलेला. मग एका दिवाळीनंतर अक्षर तेच, पण तारखा गाळलेल्या आणि पानाखालची बेरीज पुढच्या पानावर नेलेलीच नाही. त्यानंतर बरेच महिने स्थिती तशीच. पुन्हा एका पावसाळ्यानंतर आणखी गोंधळ. विचारपूस केली, तेव्हा कळले की त्या दिवाळीत त्यांना दोन दिवस चक्कर आल्यासारखे झाले होते. पित्त झाले असेल, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. एमआरआय काढला, तेव्हा जुन्या झटक्याच्या खुणेखेरीज मेंदूच्या खोल भागात लहान लहान अशा आणखी काही खुणा आढळल्या. रक्तदाबाच्या गोळ्या ते घ्यायला विसरत होते, हेही त्याच वेळी समजले.

सभ्य स्त्रीपुरुष हो, जी नोंद आमच्या केसपेपरमध्ये असायला हवी होती, ती त्यांच्या खतावणीत होती. आम्ही त्यांना हात वर करा, पाय उचला, चालून दाखवा, एवढेच सांगत राहिलो. दुकानाचा हिशेब कसा चालला आहे, हे आम्ही एकदाही विचारले नाही. आजचे हे व्याख्यान त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आजार काय आहे?

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ ते २० टक्के वाटा त्याला लागतो. हा पुरवठा करणाऱ्या रक्तवाहिन्या उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढते वय यांमुळे अरुंद व कठीण होतात. मोठी वाहिनी बंद झाली किंवा फुटली, की पक्षाघात होतो आणि तो सर्वांना दिसतो. केसाएवढ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, तेव्हा मात्र पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे तंतू थोडे थोडे निकामी होत जातात. अशा मूक आघातांची बेरीज होत जाते आणि एके दिवशी घरच्यांना वाटते, की हे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

हे ज्ञान फार जुने नाही. स्विस वैद्यक ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये मेंदूच्या खोल भागातील अशा झिजेचे वर्णन केले होते. तरीही रक्तवाहिन्या कठीण होऊन मेंदूची हळूहळू उपासमार होते आणि म्हातारपणी बुद्धी मंदावते, अशीच समजूत दीर्घकाळ होती. १९७४ मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रक्तवाहिन्यांच्या विकारातून स्मृतिभ्रंश होतो तो प्रामुख्याने लहानमोठ्या अनेक आघातांमुळे. या विचाराचे महत्त्व असे, की उपासमार थांबवता येत नसली, तरी पुढचा आघात टाळण्याचा प्रयत्न करता येतो.

या ऱ्हासाची चाल दोन प्रकारची असते. काहींमध्ये तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो. एक पायरी उतरली, की काही काळ स्थैर्य, मग पुन्हा एक पायरी. आमच्या दुकानदारांच्या खतावणीत अशाच पायऱ्या दिसत होत्या. बारीक वाहिन्यांच्या विकारात मात्र तो पुष्कळदा सौम्य उतारासारखा असतो, आणि उतारावर चालणाऱ्याला आपण किती खाली आलो हे कळत नाही. वृद्धांमध्ये रक्तवाहिन्यांचा विकार आणि अल्झायमर हे दोन्ही एकत्र असण्याचे प्रमाणही मोठे आहे.

आणखी एक गोष्ट कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावी. स्मृतिभ्रंश म्हटला, की आपल्याला विसराळूपणा आठवतो. रक्तवाहिन्यांच्या विकारात मात्र आरंभी स्मरण बऱ्यापैकी शाबूत राहू शकते. विसरलेली गोष्ट थोडी खूण सांगितली, की आठवते. आधी मंदावतो तो विचाराचा वेग. एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे, कामाचा क्रम ठरवणे, निर्णय घेणे जड जाते. उत्साह मावळतो. दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाला घरचे आळशी म्हणतात, हट्टी म्हणतात. तो बिचारा आजारी असतो.

प्रत्येक पक्षाघातानंतर असे होते का?

मुळीच नाही, आणि हे आम्ही ठासून सांगू इच्छितो. लुई पाश्चर यांना ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, पक्षाघात होऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. ती पुढे कधीच पूर्ण सुधारली नाही. तरीही रेबीजवरील लस त्यांनी १८८५ मध्ये, म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी, प्रथम माणसाला दिली. पक्षाघात झाला म्हणून माणसाची बुद्धी गेली असे मानून त्याला घरातील निर्णयांतून बाजूला सारणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

परंतु धोका असतो, हेही खरे. पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना आढळले, की पहिल्या पक्षाघातानंतर लवकरच सुमारे दहातील एका रुग्णाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो, आणि पुन्हा पक्षाघात झालेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक असते. अमेरिकेत २३,५७२ व्यक्तींवर केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आणखी बोलका आहे. या व्यक्तींपैकी ५१५ जणांना पाहणीच्या काळात पक्षाघात झाला. त्यांची बौद्धिक क्षमता झटक्यासरशी घसरली एवढेच नव्हे, तर पुढील वर्षांतही ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने घसरत राहिली. आपल्या देशात ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून पुढे आला.

दहातील तो एक कोण, हे घरी पाठवण्याच्या दिवशी आम्हाला सांगता येत नाही. त्यासाठी दहाही जणांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

मोजायचे कसे?

रक्तातील साखर मोजता येते, तशी बुद्धी मोजता येत नाही. तरीही काही प्रमाणित चाचण्या आहेत. १९७५ मध्ये तयार झालेली, एमएमएसई या नावाने ओळखली जाणारी ३० गुणांची चाचणी जगभर वापरली गेली. तिच्यात स्थळ-काळाचे भान, स्मरण आणि भाषा यांवर भर आहे. विचाराचा वेग व नियोजन यांची परीक्षा तीत फारशी होत नाही, त्यामुळे आमच्या रुग्णांतील दोष तिच्या नजरेतून निसटतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका ही चाचणीही ३० गुणांचीच आणि सुमारे दहा मिनिटांची, पण घड्याळाचे चित्र काढणे, अंक व अक्षरे आलटून पालटून जोडणे, अंक उलट क्रमाने म्हणणे अशा प्रश्नांमुळे ती आमच्या कामी अधिक येते.

गुणांचा अर्थ मात्र माणूस पाहून लावावा लागतो. निवृत्त प्राध्यापकांचे गुण २९ वरून २६ वर आले, तर आकडा चांगला दिसतो, पण आम्ही सावध होतो. चौथीपर्यंत शिकलेल्या एखाद्या आजींचे गुण २० असले आणि तीन वर्षे २० च राहिले, तर काळजीचे कारण कमी. म्हणून आम्ही रुग्णाची तुलना दुसऱ्या कोणाशी करत नाही. त्याची तुलना त्याच्याच मागील वर्षाशी करतो. एका दिवसाचा एकच आकडा आम्हाला फार थोडे सांगतो.

त्यातही पथ्ये आहेत. झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रुग्ण गोंधळलेला असतो. तेव्हाचे गुण पाया म्हणून धरता येत नाहीत, म्हणून पायाभूत नोंद आम्ही सुमारे तीन महिन्यांनी घेतो. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली, तर उत्तरे पाठ होतात आणि गुण खोटेच वाढतात, यासाठी पर्यायी प्रश्नसंच वापरावा लागतो. एखाद्या गुणाच्या चढउताराला अर्थ नसतो. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते. चष्मा घरी राहिला, कान ऐकू येईनासे झाले, मन खिन्न आहे, थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आहे, झोपेची गोळी चालू आहे, यांपैकी कशानेही गुण घसरतात आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय असतो.

प्रश्न भाषेचा आणि रीतीचाही आहे. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या बाईला ठोकळ्याचे चित्र काढायला सांगून काय साधणार? तारीख तिला सांगता येत नाही, पण परवा एकादशी झाली आणि आज बाजाराचा वार आहे, हे ती बिनचूक सांगते. हरियाणातील बल्लभगड परिसरात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तयार केलेली हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत चाचण्यांचा संच सिद्ध केला. मराठीत आमच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या शेतकऱ्याला, विडी कामगार बाईला किंवा निवृत्त कारकुनाला समजेल अशा शब्दांत विचारण्याची सवय आम्हीही अंगी बाणवत आहोत.

घरचे माणूस हेच मोठे साधन

चाचणीपेक्षा घरचे माणूस पुष्कळदा आधी सांगते. अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत रुग्णाला काहीच विचारत नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज हे माणूस अमुक काम कसे करते, असे त्याच्या निकटवर्तीयाला विचारतात. शिक्षण कमी असो वा जास्त, तुलना त्याची त्याच्याशीच होत असल्याने ही पद्धत आम्हाला फार उपयुक्त वाटते.

दुकानदारांच्या प्रकरणानंतर आम्ही पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक साधी नोंदवही सुरू केली. एक प्रत आमच्याकडे, एक घरी. तीन महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी चाचणीचे गुण, रक्तदाब, साखर आणि चालण्याचा वेग यांची नोंद होते. घरच्यांनी पाच गोष्टी लिहायच्या : पैशांचा व्यवहार स्वतः करतात का, गोळ्या आठवणीने घेतात का, नेहमीच्या वाटेने एकटे जाऊन येतात का, पूर्वीची आवडती कामे करतात का, आणि स्वभावात काही फरक पडला आहे का. अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातील शक्ती गेली किंवा दृष्टीत फरक पडला, तर वहीत लिहीत बसायचे नाही, तत्काळ रुग्णालय गाठायचे, हे पहिल्याच पानावर ठळक छापले आहे.

याचा उपयोग काय?

गेलेली क्षमता परत आणणारे औषध आमच्याकडे नाही. हे आम्ही कोणापासून लपवत नाही. पण पुढची पायरी टाळण्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वी झटका येऊन गेलेल्या ६,१०५ रुग्णांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात रक्तदाबाच्या औषधांमुळे, पुन्हा झटका येऊन त्यासोबत होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला नव्हता अशा रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये, रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवल्याने सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१९ मध्ये आढळले. स्मृतिभ्रंशावरील परिणाम मात्र त्यात निश्चितपणे सिद्ध झाला नाही. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आणि ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज मांडला. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा ही त्यांतीलच काही.

नोंदींचा आणखी एक उपयोग पुस्तकांत लिहिलेला नसतो. गुण घसरू लागले, की गोळ्यांची जबाबदारी घरच्या दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी, बँकेच्या व्यवहारात सोबत असावी, गॅसपाशी लक्ष ठेवावे, आणि रुग्णाला स्वतःची इच्छा स्पष्ट सांगता येते तोवरच कागदपत्रे करून घ्यावीत, हे आम्ही वेळेवर सांगू शकतो. घरातील गैरसमजही दूर होतात.

आमची अडचण आणि आमची विनंती

या कामात आमची मोठी अडचण अशी, की रुग्ण पुन्हा येत नाहीत. चालता येऊ लागले, आता कशाला जायचे, असे वाटते. एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी, हीही कारणे आहेत. आणि जे येत नाहीत, त्यांतच खालावलेल्यांची संख्या अधिक असण्याचा संभव असतो. ज्याची स्मृती ढळली, त्याला फेरतपासणीची तारीख तरी कशी आठवावी? केवळ येणाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर आमचे सर्व रुग्ण उत्तम आहेत असा भ्रम होईल. त्यामुळे न आलेल्यांना दूरध्वनी करणे आणि गरज पडल्यास घरी जाऊन भेटणे, हा या कामाचा गाभा आहे.

देणगीदारांना आमची विनंती आहे. या कामासाठी मोठे यंत्र लागत नाही. मराठीत आपुलकीने बोलणारी, प्रशिक्षित अशी व्यक्ती, तिचा प्रवासखर्च आणि गरीब रुग्णाच्या येण्याजाण्याचे भाडे एवढेच लागते. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, प्रवासखर्चावर ते कोरता येत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही हे मागणे आम्ही संकोच न बाळगता करत आहोत, कारण हा खर्च एका वर्षाचा नाही. पाच-दहा वर्षे सलग चालले, तरच या नोंदींना अर्थ येतो.

विश्वस्तांकडे आम्ही एका शांत खोलीची मागणी करतो. बाह्यरुग्ण विभागाच्या गलबल्यात अवधानाची परीक्षा घेणे योग्य नाही.

आणि कुटुंबीयांना सांगणे एवढेच, की बरे वाटत असतानाही या. बरे असल्याची नोंद हीच पुढच्या सर्व नोंदींचा पाया असते.

त्या दुकानदारांचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. त्यांचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. गोळ्या त्यांच्या पत्नी मोजून देतात आणि कॅलेंडरवर खूण करतात. हिशेब थोरला मुलगा पाहतो. वडील बेफिकीर नव्हते आणि भावानेही पैसे घेतले नव्हते, हे खतावणी व एमआरआय शेजारी ठेवून आम्ही दोघांना समजावले, आणि ते पुन्हा एकमेकांशी बोलू लागले. स्वतः दुकानदार सकाळचे दोन तास गल्ल्याशेजारी बसतात, जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस करतात, सुटी साखर तोलून देतात. त्यांच्या नोंदवहीतील शेवटच्या तीन वर्षांचे गुण जवळजवळ सारखेच आहेत. अहवालाच्या आकड्यांत असे स्थैर्य कुणाच्या नजरेत भरणार नाही. आम्हाला मात्र त्याचे मोल ठाऊक आहे, आणि आणखी कितीतरी वह्यांत ते पाहायला मिळावे, यासाठी आपले साहाय्य मागून आम्ही आपली रजा घेतो.